दिवस असेपर्यंत मिसळ

धनपालअण्णानं मला आजवर जे जे खायला घातलं, त्यातलं निम्मं त्यानं स्वतः कधी तोंडात घातलेलं नव्हतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आलं नाही. जमिनीखाली वाढणारं काहीच नाही. दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. निपाणीजवळच्या जैन शेतकरी घरातला माणूस. आईनं लावलेलं वळण त्यानं समुद्रापार गेल्यावरही मोडलं नव्हतं. आणि तरी मस्कतच्या आमच्या कॅम्पात शाकाहारी जेवणाचा मुख्य आचारी तोच होता. बांधकामावरून दमून आलेली माणसं त्याच्या लसणाच्या फोडणीची डाळ वाटी चाटूनपुसून खायची, आणि करणाऱ्याला तिची चव ठाऊक नसायची.

मग मीठ-तिखट कळतं कसं, असं मी एकदा विचारलं तर त्यानं नाकावर बोट ठेवलं. निपाणी तंबाखूचं गाव. वखारीत माल आला की बाजारपेठ शिंकत असते. त्या वासात राहून ज्याला भाजल्या जिऱ्याचा वास वेगळा काढता येतो त्याला जगात कुठंही चूल पेटवता येते, असं त्याचं म्हणणं. कढईवर वाकायचा, डोळे मिटायचा, वाफ ओढायचा आणि सांगायचा, मीठ कमी हाय. मिठाला वास असतो का हे मला अजून कळलेलं नाही.

पण शेवटची खात्री करायला त्याला जीभ लागायचीच, आणि ती माझी असायची. डाव माझ्यापुढं धरायचा आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. चांगलं झालंय म्हटलं की चिडायचा. "भुकेल्याला समदंच चांगलं लागतंय रं. आधी काय लागलं, मागनं काय लागलं, ते सांग." मी आठवीत शाळा सोडलेला. निबंधात कधी चार ओळींच्या पुढं गेलो नाही. पण त्या स्वयंपाकघरात उभं राहून मी बोलायला शिकलो: अण्णा, आधी खोबरं लागतंय, मग जरासं कडू, गिळल्यावर घशाशी मिरची. तो मान हलवायचा, मसाल्याचा डबा उघडायचा, आणि कडू कुठून आलं ते शोधून काढायचा.

मी जालन्याकडचा, आणि मुळात घाबरट. कॅम्पात नवा आलो तेव्हा जेवणघराच्या दारावर वेळांची पाटी होती, इंग्रजीत आणि अरबीत. ती मला वाचता येईना आणि कुणाला विचारायची छाती होईना. चुकीच्या वेळी गेलो आणि हाकललं तर काय, म्हणून मी खोलीवर बिस्किटं खात बसायचो. एका दुपारी हा बुटका, टक्कल पडलेला माणूस ताट घेऊन खोलीच्या दारात उभा. "पाव्हणं, हितं पाटी वाचून कोण जेवत न्हाय. भूक लागली की यायचं." त्यानंतर त्यानंच मला भांडी घासण्यातून काढून भाजीच्या टेबलाशी नेलं. आज मी जो काही आचारी आहे तो त्या ताटामुळं.

त्याच्या सवयींची कॅम्पात चेष्टा व्हायची, पण रोजा सुरू झाला की ती थांबायची. मटणाच्या बाजूला हमीद नावाचा केरळचा आचारी होता. रोज्याच्या दिवसांत संध्याकाळी दोघं मागच्या दारी पायरीवर बसायचे, मध्ये एक जग. पाणी अण्णानं दुहेरी फडक्यातून गाळलेलं. सूर्य टेकला की अण्णा दिवसाचा शेवटचा घोट घ्यायचा आणि जग हमीदपुढं सरकवायचा. अजान झाली की हमीद दिवसाचा पहिला घोट घ्यायचा. तुझं दुकान बंद झालं की माझं उघडतं, असं हमीद त्याला हिंदीत म्हणायचा, आणि अण्णा पायरीवरून घसरेल इतका हसायचा. उपाशी राहण्यावरून दोन माणसांची इतकी दोस्ती झालेली मी दुसरीकडं बघितली नाही.

अण्णाला एकच गोष्ट हवी होती: घरी जायचं आणि परत निघायचं नाही. मुलगी जन्मली तेव्हा तो कॅम्पात होता, तिचं लग्न ठरलं तेव्हाही कॅम्पात. आता घरी बायको आणि म्हातारी आई. गावाकडं गाडा टाकायचा, आपल्या माणसांना करून घालायचं, आणि तो चालला की सुटलो. कंत्राट संपवून निघाला त्या दिवशी बॅग बांधताना म्हणाला, "परत इमानात बसलो तर नाव बदल माझं."

माझी सुट्टी पुढच्या हिवाळ्यात लागली. जालन्याला जायच्या आधी मी निपाणीला उतरलो. अण्णा स्टँडवर मोटरसायकल घेऊन आलता. मला वाटलं घरी नेईल. त्यानं नेलं ते थेट एका कटवड्याच्या गाड्यावर.

मला रस्त्यावरचं खायची भीती. पोट बिघडलं, ताप आला, परतल्यावर कंपनीच्या मेडिकल तपासणीत काही निघालं तर, असलं सगळं एकदम डोक्यात येतं. खिशात गोळ्यांची पट्टी होती ती त्यानं काढून आपल्या खिशात घातली. "तू खा. मी हाय न्हवं." त्याचं असणं म्हणजे गळ्यातल्या पिशवीतली बाटली आणि फडकं. गाड्यावरचं पाणी तो मला पिऊ द्यायचा नाही, आपल्या बाटलीतलं गाळलेलं द्यायचा. गाडेवाले बघत राहायचे.

त्या सुट्टीत त्यानं मला निपाणीपासून बेळगावपर्यंत खात खात फिरवलं. बेळगावात एका हातगाडीवर गिरमिट घेतलं. चिरमुरे, चिंचेच्या कोळात शिजवलेला कांदा-टोमॅटो, वरून डाळव्याची पूड, शेव, कच्चा कांदा, आणि जोडीला मिरचीची भजी. अण्णा वाऱ्याच्या बाजूला उभारला, नाक पुढं करून. चिरमुरं मऊ पडल्यात का कुरकुरीत हाईत? चिंच जुनी का नवी? पूड कवा घातली, आधी का मागनं? गाडेवाला कानडीत त्याला काहीतरी म्हणाला, अण्णानं कानडीतच उत्तर दिलं आणि दोघं हसले. मी विचारलं तर म्हणाला, त्यो इचारतोय, खात न्हाय, पैसं देतोय, तपासतोय. म्युनिसिपालिटीचा हाईस काय?

तिथंच पुढं एका टपरीवर गरम कषाय मिळायचं, धणे-जिऱ्याचं, दूध घातलेलं. त्यात सुंठ. ते मात्र अण्णा स्वतः प्यायला, फुंकून फुंकून, दोन पेले. मी म्हणालो, आलं चालत नाही आन् सुंठ चालते, हे कसं? वाळलं की पाप उडून जातं का? तो म्हणाला, आईला इचार, मला काय इचारतोस.

परतताना संकेश्वरला उसाच्या गुऱ्हाळावर थांबलो. रसात आलं नको, बर्फ नको, आणि आधीच्या उसाबरोबर आलं गेलं असेल तर चरक धुऊन घे, असं अण्णानं सांगितलं. गुऱ्हाळवाला वैतागून म्हणाला, मग ऊस देतो, चावत बसा की. अण्णानं खरंच कांडं घेतलं आणि कट्ट्यावर बसून चावलं. मी पेल्यातला रस पीत होतो. चावता चावता तो माणसं न्याहाळत होता. गर्दी कधी होते, कोण एकटं येतं, कोण बायकापोरांना घेऊन येतं, गाडी थांबवून खाणारा किती वेळ उभा राहतो. तेव्हा मला कळलं, की ही नुसती पाहुण्याची सरबराई नव्हती. हा माणूस आपल्या गाड्याचा अभ्यास करत होता. सगळ्या चवी माझ्या तोंडून ऐकून डोक्यात भरून घेत होता.

घरी जेवण दिवस असतानाच. पंगतीला थोरले भाऊ होते, सुकुमारदादा. कडक इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, गावातल्या कार्यक्रमात चार शब्द बोलायला त्यांनाच उठवायचे. शेतीवाडी एकत्र होती आणि कारभार त्यांच्या हातात होता. हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून घरचा एक मोकळा पट्टा होता, गाडा तिथं टाकायचा अण्णाचा विचार. त्यानं आमटी वाढता वाढता विषय काढला.

दादा म्हणाले, टाक की, मी कुठं नको म्हणतोय. मग ताटातला घास संपवून त्यांनी अटी सांगितल्या. कांदा, लसूण, बटाटा नाही. दिवस बुडायच्या आत बंद. घराण्याचं नाव पाटीवर नाही. अण्णा म्हणाला, दादा, मस्कतात मी समदं करत होतो की, खात नव्हतो एवढंच.

"तिकडं कोण बघतंय?" दादा म्हणाले. "हितं बघत्यात."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे नियम दादांपेक्षा कडक होते. मोड आलेलं कडधान्यसुद्धा तिला चालायचं नाही. मोड म्हणजे नवा जीव, तो कसा शिजवायचा. पण ते सगळं तिच्यापुरतं. मला तिनं तूप वाढत हळूच सांगितलं, लेकरा, भाईर काय खायचं ते खा, फकस्त मला सांगू नगोस. ती बाई बघत कोण आहे याचा हिशोब करत नव्हती. तिच्या आणि दादांच्या धर्मात मला तेव्हाच फरक दिसला होता. अण्णाला दिसला नाही, किंवा दिसूनही त्यानं बघितला नाही. तो हातावर पाणी घेता घेताच म्हणाला, जमतंय, समदं जमतंय. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला काळजी वाटायला लागली.

अशी चूक त्या घरातला माणूसच करू जाणे. बाकी जग दिवे लागल्यावर चटपटीत खायला बाहेर पडतं, आणि अण्णानं मिसळीचा गाडा सूर्याच्या हवाली केला.

पुढच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा गाडा उभा होता. हिरवा रंग, वर पत्र्याची पाटी. पाटीवर आधी कानडी, खाली मराठी: दिवस असेपर्यंत मिसळ मिळेल. फोनवर पैसे घ्यायचं चौकोनी चित्र काचेला चिकटवलेलं. मटकीच्या जागी भिजवलेले पांढरे वाटाणे, बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं, कांद्याच्या जागी केसासारखा बारीक चिरलेला कोबी. आणि कट! सुकं खोबरं, तीळ, खसखस वेगवेगळी भाजून वाटलेली, रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी मिरची. त्यानं वाटी माझ्यापुढं धरली आणि पूर्वीसारखा तोंडाकडं बघत उभारला. मी सांगितलं, अण्णा, आधी तीळ लागतोय, मग खोबरं, मग एकदम काहीच नाही, आणि ते काहीच नाही संपलं की मिरची येते. तो म्हणाला, ते मधलं काय न्हाय, तिथं लसूण असतोय. तिथं काय घालावं ते घावंना झालंय.

पण मिसळ खरंच सुरेख होती. मी उपकाराखाली म्हणत नाही. उसाचे ट्रॅक्टर जाताना ड्रायव्हर थांबायचे, दुपारी कोर्टात कामाला आलेली चिकोडीकडची दोघंचौघं वाकडी वाट करून यायची. आणि गिऱ्हाईक खरं जमायचं कधी, तर दिवस कलल्यावर. वखारीतून सुटलेल्या बायका, कोल्हापूरकडं जाणाऱ्या मोटारी, क्लासची पोरं. नेमकं तेव्हा अण्णा मावळतीकडं बघायला लागायचा. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला की गॅस बंद. हातात प्लेट असलेल्यांना विनवायचा, आवरा वाईच. नवीन आलेल्यांना हात जोडायचा.

एक गिऱ्हाईक रोज येणारं, शेतकी खात्यातलं. ते म्हणालं, अण्णा, सूर्याला एक प्लेट देऊन बघा, थांबल कदाचित. सगळे हसले. अण्णाही हसला आणि झाकण लावलं. मोटारीतून उतरलेल्या एका बाईनं विचारलं, पाच मिनिटांनी काय बिघडतं? अण्णाकडं पाच मिनिटंही नव्हती. त्याला स्वतःलाही चार घास त्याच वेळेत खायचे असायचे, एका हातानं गाडा झाकत.

रस्त्याच्या पलीकडं मल्लाप्पाचा गाडा होता. मल्लाप्पा चिकोडीकडचा, घरी कानडी, मराठी तोडकी. त्याचा बल्ब अण्णाचा गॅस विझला की लागायचा. कांद्याची भजी, कटवडा. अण्णाची हात जोडून परतवलेली माणसं रस्ता ओलांडून तिकडं जायची. मल्लाप्पा माणूस वाईट नव्हता. दुपारी अण्णाकडं येऊन पैसे देऊन मिसळ खायचा आणि म्हणायचा, अण्णा, कट तुमचा, रात्र माझी, दोघं मिळून केलं तर आपण राजा.

आपल्या माणसांचं म्हणाल तर, उद्घाटनाला सगळे आले होते. नातेवाईक, पाहुणे, गावातले मानकरी. आपला माणूस, शुद्ध, सात्त्विक, असं म्हणत प्रत्येकानं फोटो काढले, फोनच्या स्टेटसला लावले. पोटभर खाल्लं. पैसे अण्णानं घेतले नाहीत आणि त्यांनी दिले नाहीत. त्यानंतर त्यातलं कुणी गाड्याकडं फिरकलं नाही. ज्या शुद्धतेसाठी हा माणूस रोज भरल्या गिऱ्हाइकीवर झाकण टाकत होता, ती शुद्धता विकत घ्यायला एकही शुद्ध माणूस यायला तयार नव्हता.

आणखी एक गोष्ट रोज व्हायची. उरलेला कट. शिळं ठेवायचं नाही, हाही घरचा नियम. ओतून द्यायला अण्णाचा हात उठायचा नाही. म्हणून झाकापाक झाली की तो पातेलं घेऊन रस्ता ओलांडायचा, मल्लाप्पाच्या गाड्यावर ठेवायचा आणि मागं न बघता घरचा रस्ता धरायचा. जवळजवळ पळतच. एवढी घाई कशाची ते मला कळायचं नाही.

एका संध्याकाळी मी त्याच्याबरोबर घरी न जाता मागं राहिलो. फोनला रिचार्ज मारायचा होता. दिवेलागण झाली होती. परतताना मल्लाप्पाकडं गर्दी दिसली, म्हणून कटवडा घेतला. पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबलो. आधी तीळ. मग खोबरं. मग ज्या जागी काहीच नव्हतं तिथं लसूण. नंतर मिरची. मल्लाप्पानं अण्णाच्याच कटाला वरून कांदा-लसणाची फोडणी दिली होती. इतका पुरा झालेला कट मी तोवर कधी खाल्लेला नव्हता. अण्णाच्या नाकात जो कट होता तो हा होता, आणि तो दुसऱ्याच्या गाड्यावर दुसऱ्याच्या नावानं विकला जात होता.

तेवढ्यात गाड्याच्या अंधाऱ्या बाजूनं आवाज आला, हळू बोलणारा. मल्लाप्पा, कट घाल की अजून, हातचं राखू नगोस. मी वाकून बघितलं. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हेल्मेट तसंच, काच फक्त तोंडापुरती वर. हातात कटवडा, वर मूठभर कांदा. सुकुमारदादा भावाच्या हातचा कट मल्लाप्पाचा म्हणून वाखाणून खात होते.

त्यांनी मला बघितलं नाही. मी प्लेट तशीच ठेवली. रात्री अण्णाच्या ओसरीवर आडवा झालो आणि दोन्ही बाजूंनी हिशोब मांडत राहिलो. सांगावं तर भावाभावांत भांडण लागेल, न सांगावं तर त्याचं खाल्लेलं अन्न मला टोचेल. सकाळी तो मागच्या अंगणात पाणी गाळत होता, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधत होता, तेव्हा मी सांगून टाकलं.

अण्णानं गाठ मारली. ओढून बघितली. मग म्हणाला, "ठावं हाय मला. तू काल बघितलंस, मी पयल्या म्हयन्यातच बघितलं."

मी म्हणालो, मग बोलत का नाही? गाडा रात्री चालू ठेवा, कांदा घाला, कुठल्या तोंडानं अडवतील ते?

"काय बोलू? थोरला भाऊ हाय. त्येच्या जिभेला चव पायजे, आन् त्येला नावबी पायजे. मी बिगीबिगी घरला का जातो वाटतंय तुला? मी तिथं उभारलो तर त्यो उपाशी जायाचा."

मला त्याचा राग आला. आजही येतो. त्यानं एकदा तरी ओरडावं, पातेलं दादांच्या पुढ्यात आपटावं, असं मला वाटत होतं. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, आईला कळू देऊ नगोस. आणि हंडा आत नेला.

मी परत मस्कतला आलो. अण्णाचे फोन येत राहिले, मग कमी झाले. एकदा त्यानं हमीदची चौकशी केली आणि बोलता बोलता विचारलं, आपल्या कंपनीत आचाऱ्याची जागा निघाली काय रं? मी ऑफिसात विचारलं. त्याचं वय ऐकून त्यांनी मान हलवली. त्यानं मुंबईचे, कोल्हापूरचे एजंट गाठले होते, तेही तेच म्हणाले. परत विमानात बसायला तो तयार झाला होता, आणि आता कुणी त्याला बसवून घेत नव्हतं. नाव बदलायचं मी त्याला आठवण करून दिली नाही.

गेल्या सुट्टीत निपाणीला गेलो तेव्हा हिरवा गाडा अण्णाच्या अंगणात उलटा पडला होता, त्यावर शेवया वाळत घातलेल्या. अण्णा घरी नव्हता. वहिनींनी, अण्णाच्या बायकोनं, चहा दिला आणि सांगितलं. वर्षभर ओढला, मग बंद केला. गाडा हलवल्यावर महिन्याभरात दादांनी तो पट्टा भाड्यानं दिला. मल्लाप्पाला. मी विचारलं, कांदा-लसूण, रात्रीचं, त्या अटी? वहिनी चुलीकडं बघत म्हणाल्या, "मामंजींच्या जाग्याला हाईत, त्येस्नी कोण इचारणार? म्हणाले, भाडेकरूला कसल्या आल्यात अटी."

अण्णा आता मल्लाप्पाच्या तिथल्या हॉटेलात पगारावर होता. संध्याकाळी जायचा, हॉटेल बंद करून यायचा. आल्यावर मागच्या दारी अंघोळ करून, कपडे बाहेरच पिळून टाकून मग आत शिरायचा. आई अंथरुणाला खिळली होती, पण तिचं नाक शाबूत होतं.

मी सर्व्हिस रोडला गेलो. त्या पट्ट्यावर आता पत्र्याची मोठी शेड होती, ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर मोटारींची रांग. शेडच्या तोंडाशी मोठी कढई आणि तिच्यामागं अण्णा. अंग उतरलेलं, टकलावर घाम. मला बघून हसला, हातानंच बस म्हणाला, आणि समोर प्लेट ठेवून गेला. या खेपेला तोंडाकडं बघत थांबला नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी खाल्लं. कट तोच होता, पुरा झालेला. शेजारच्या टेबलावर कुणी म्हणत होतं, मल्लाप्पाच्या हाताला चव हाय.

दिवस बुडून बराच वेळ झाला होता. अण्णा लोकांना वाढत होता, स्वतः पाणीसुद्धा पीत नव्हता. तेवढ्यात एक माणूस कढईशी आला. दादांच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, मी त्याला घरी बघितलेलं. त्यानं खाली बघत दोन कटवडे पार्सल मागितले. मी रस्त्याकडं पाहिलं. पलीकडच्या बाजूला, जिथं पूर्वी मल्लाप्पाचा गाडा असायचा तिथं, मोटरसायकल उभी होती. चालू, पण दिवा बंद. वर हेल्मेट घातलेला माणूस, तोंड दुसरीकडं.

अण्णानं एकदाच तिकडं पाहिलं. मग पिशवी घेतली, वडे कागदात बांधले. कट ओतताना डाव कढईच्या तळाशी नेऊन खालचा, मवाळ रस्सा घेतला आणि वरची लाल तर्री वेगळ्या लहान पिशवीत बांधली.

"तर्री येगळी बांधलीया," तो ड्रायव्हरला म्हणाला. "समदी घालू नगा म्हणावं. पित्त हाय त्येला."

ड्रायव्हरनं उगाच विचारलं, कुणाला?

"ज्येला न्हेतुयास त्येला."

ड्रायव्हर रस्ता ओलांडून गेला. हेल्मेटवाल्यानं पिशवी हँडलला अडकवली, मान न वळवता निघाला. अंधारात मोटरसायकल तशीच पुढं गेली, मागून ट्रकचे झोत येत होते. अण्णा डाव हातात धरून बघत उभारला होता. गिऱ्हाईक बोलवत होतं तरी हलला नाही. पार पुलाखाली गेल्यावर त्या गाडीचा दिवा लागला. तेव्हा त्यानं डाव पुन्हा कढईत घातला.